डिप्लोमानंतर थेट दुसऱ्या वर्षात: नाशिकमध्ये अभियांत्रिकीची घडी कशी बसवावी

डिप्लोमा पूर्ण करून अभियांत्रिकी पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षात दाखल होणारा विद्यार्थी महाविद्यालयात नवा असतो, परंतु नवा म्हणून त्याला कोणी वागवत नाही. स्वागताचे कार्यक्रम, ग्रंथालयाची ओळख, विभागांची फेरी हे सगळे पहिल्या वर्षासाठी असते. दुसऱ्या वर्षाच्या वर्गात आलेले शिक्षक मात्र असे गृहीत धरून फळ्याकडे वळतात की समोर बसलेल्या प्रत्येकाने मागच्या वर्षी याच इमारतीत गणिताचे दोन पेपर दिले आहेत. मी स्वतः याच वाटेने नाशिकमध्ये पदवीला आलो आणि पुढे माझ्या मागून आलेल्या अनेकांना पहिल्या सत्रात त्याच ठिकाणी ठेच लागताना पाहिले. त्यातली बरीचशी ठेच टाळता येते.

या मार्गदर्शनातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट साध्या अंकगणिताची आहे. अंतिम वर्षाच्या सुरुवातीला कॅम्पस मुलाखतींसाठी कंपन्या येऊ लागतात तेव्हा पहिल्या वर्षापासून शिकणाऱ्या विद्यार्थ्याकडे सहा सत्रांचे निकाल असतात आणि तुमच्याकडे चारच. ढोबळमानाने पाहिले तर एखादे सत्र बिघडल्यास त्याच्या सरासरीचा सहावा हिस्सा बिघडतो, तुमचा मात्र चौथा. त्यातही बिघडण्याची शक्यता सर्वाधिक असते ती तुमच्या पहिल्याच सत्राची, कारण तुम्ही वर्गात उशिरा पोहोचता. म्हणून पुढे जे काही सांगितले आहे ते या एका सत्राला सांभाळण्यासाठी आहे असे समजावे.

प्रवेशाची वाट पाहत असतानाचे दिवस

थेट द्वितीय वर्षाच्या प्रवेशासाठी वेगळी प्रवेश परीक्षा नसते. राज्य सामायिक प्रवेश परीक्षा कक्षामार्फत होणाऱ्या केंद्रीभूत प्रवेशफेऱ्यांत डिप्लोमाच्या गुणांवर गुणवत्ता यादी लागते. मंजूर प्रवेशक्षमतेच्या १० टक्के अतिरिक्त जागा आणि पहिल्या वर्षाच्या रिकाम्या राहिलेल्या जागा यांवर हे प्रवेश होतात. या फेऱ्या संपेपर्यंत दुसऱ्या वर्षाचे वर्ग सुरू होऊन काही आठवडे उलटलेले असतात, आणि शेवटच्या फेरीत जागा मिळालेला विद्यार्थी वर्गात पाऊल ठेवतो तेव्हा काही विषयांचे पहिले प्रकरण संपून दुसरे सुरू झालेले असते. हे दरवर्षी होते, त्यामुळे त्याचे आश्चर्य वाटू न देता त्याची तयारी करावी.

डिप्लोमाचा अंतिम निकाल लागला की प्रवेशाच्या याद्या पाहण्यात सकाळ-संध्याकाळ घालवणारे विद्यार्थी मला नेहमी भेटतात. यादी तिच्या वेळेलाच लागणार. त्या दोन महिन्यांत पहिल्या वर्षाच्या गणिताची दोन जुनी पुस्तके मिळवावीत आणि पुढे सांगितलेले निवडक भाग दररोज तासभर करावेत. महाविद्यालय कोणतेही मिळाले तरी हे गणित बदलत नाही.

तुमची परीक्षा नक्की कोण घेणार

नाशिकमध्ये हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारावा लागतो, कारण येथे तीन प्रकारच्या संस्था शेजारी शेजारी आहेत. बहुतेक अभियांत्रिकी महाविद्यालये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न आहेत. त्यांपैकी काहींनी स्वायत्तता घेतली असून ती आपला अभ्यासक्रम आणि प्रश्नपत्रिका स्वतः ठरवतात, पदवी मात्र विद्यापीठाचीच मिळते. याशिवाय त्र्यंबक रस्त्यावर महिरावणी येथे संदीप विद्यापीठ हे स्वतंत्र खासगी विद्यापीठ आहे. मित्र दुसऱ्या महाविद्यालयात आहे म्हणून त्याच्या नोट्स आणि जुन्या प्रश्नपत्रिका आणून अभ्यास सुरू केला, आणि सत्राच्या मध्यावर कळले की त्याची परीक्षा विद्यापीठ घेते आणि आपले महाविद्यालय स्वायत्त आहे, अशी फसगत सहज होते.

संलग्न महाविद्यालयात असाल तर आणखी एक गोष्ट तपासावी लागते. पुणे विद्यापीठाच्या अभियांत्रिकीत अभ्यासक्रम त्याच्या वर्षाने ओळखला जातो. अनेक वर्षे २०१९ चा पॅटर्न चालला, आणि २०२४ पासून राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाला धरून नवा पॅटर्न वर्षावर्षाने वर सरकत लागू झाला. तुम्ही ज्या तुकडीत दाखल झालात त्या तुकडीचा पॅटर्न तुम्हाला लागू होतो. म्हणून वरच्या वर्गातील मुलांकडून घेतलेली पुस्तके वापरण्यापूर्वी विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून आपल्या शाखेचा अभ्यासक्रम उतरवून घ्यावा, त्याची छापील प्रत काढावी आणि प्रत्येक विषयाची एकके, म्हणजे युनिट्स, पुस्तकाशी ताडून पाहावीत. या कामाला एक दुपार लागते आणि त्याचा उपयोग सत्र संपेपर्यंत होतो.

कागदपत्रांचा पंधरवडा

प्रवेश निश्चित झाल्यावर पहिले दोन आठवडे विद्यार्थी विभागाच्या खिडकीसमोर जाणारच आहेत, तेव्हा ती कामे एका सपाट्यात उरकलेली बरी. दहावीची गुणपत्रिका, डिप्लोमाच्या सर्व सत्रांच्या गुणपत्रिका, शाळा किंवा तंत्रनिकेतन सोडल्याचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, आणि लागू असेल त्याप्रमाणे जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, नॉन-क्रिमीलेअर, आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचे प्रमाणपत्र आणि उत्पन्नाचा दाखला यांच्या प्रत्येकी किमान चार छायाप्रती काढून ठेवाव्यात. मूळ कागद देताना पोचपावती घ्यावी. डिप्लोमानंतर वर्षभर कामाला गेला असाल तर खंडाचे प्रतिज्ञापत्र लागते. ते आधीच करून ठेवावे.

तुमची आजवरची नोंद महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळाकडे आहे, विद्यापीठाकडे नाही. त्यामुळे विद्यापीठाचा पात्रता अर्ज तुम्हाला भरावा लागतो आणि त्यानंतर कायम नोंदणी क्रमांक मिळतो. परीक्षा अर्ज, हॉल तिकीट, निकाल हे सर्व याच क्रमांकावर चालते. वर्गातील इतरांचा क्रमांक वर्षभरापूर्वीच तयार झालेला असल्याने याविषयीची सूचना वर्गात फारशी कोणी वाचून दाखवत नाही. माझ्या वेळी माझा पात्रता अर्ज एका त्रुटीमुळे टेबलावरच राहिला होता आणि परीक्षा अर्ज भरायच्या आठवड्यात ते मला समजले. तेव्हापासून मी प्रत्येकाला एकच सांगतो: अर्ज दिल्यानंतर दर आठवड्याला एकदा जाऊन तो कुठवर आला हे शांतपणे विचारावे.

नावाचे स्पेलिंगही आत्ताच पाहून घ्यावे. दहावीच्या गुणपत्रिकेवर एक, आधारवर दुसरे आणि डिप्लोमाच्या प्रमाणपत्रावर तिसरे असेल तर दुरुस्ती आधारपासून सुरू करावी. शिष्यवृत्ती आणि एबीसी क्रमांक (श्रेयांक जमा होणाऱ्या अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्सचा क्रमांक) दोन्ही ठिकाणी हा फरक आडवा येतो.

शिष्यवृत्तीचे अर्ज महाडीबीटी पोर्टलवर भरायचे असतात. डिप्लोमात असताना तुमचे खाते तेथे उघडलेले असेल, तेच वापरावे. नवे खाते उघडल्यास आधार जुळणीत गोंधळ होतो. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीसाठी कौटुंबिक वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ८ लाख रुपये आहे. केंद्रीभूत प्रक्रियेतून प्रवेश घेतलेल्या, आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार याच उत्पन्नमर्यादेत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काची पूर्ण सवलत आहे. ज्या घरी ही माहिती पोहोचलेली नाही अशी घरे कळवण-सुरगाण्याकडे आणि येवला-नांदगावकडे अजूनही आहेत, आणि पैशांमुळे मुलीचे पुढचे शिक्षण थांबवण्यापूर्वी ती पोहोचायला हवी. राहण्याच्या खर्चासाठी अल्पभूधारक शेतकरी व नोंदणीकृत मजूर यांच्या पाल्यांना डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता, अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आणि अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्यांना पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम् योजना आहे. राज्याचे आदिवासी विकास आयुक्तालय नाशिकमध्येच असल्याने आदिवासी विद्यार्थ्यांना चौकशीसाठी मुंबई गाठावी लागत नाही. बँक खाते आधारशी जोडलेले आहे का हे बँकेत विचारून खात्री करावी, कारण पैसे आधार जोडलेल्या खात्यातच येतात.

गणित: येथेच वेळ घालवायचा

डिप्लोमाचा विद्यार्थी गणितात कच्चा असतो हे विधान मला मान्य नाही. त्याने जे शिकले आहे ते तो करू शकतो. त्याला काही प्रकरणे कोणी शिकवलेलीच नसतात. डिप्लोमात पहिल्या वर्षानंतर बहुतेक शाखांत गणिताचा स्वतंत्र विषय संपतो, म्हणजे पदवीला येईपर्यंत त्याने दोन वर्षे हातात समाकलनाचे पुस्तक घेतलेले नसते. दुसरीकडे नियमित विद्यार्थी बारावी, प्रवेश परीक्षा आणि पहिल्या वर्षाचे दोन पेपर अशा सलग सरावातून आलेला असतो. ही दरी ज्ञानाइतकीच सरावाचीही आहे आणि म्हणून ती सरावाने भरून निघते.

दुसऱ्या वर्षात अभियांत्रिकी गणित भाग तीन, ज्याला सगळे एम-थ्री म्हणतात, शाखेनुसार कधी तिसऱ्या तर कधी चौथ्या सत्रात येतो. चौथ्या सत्रात आला तर तुमचे नशीब चांगले, कारण तयारीला चार महिने जास्त मिळतात. त्यात उच्च कोटीची रेषीय अवकल समीकरणे, लाप्लास, फुरिये किंवा झेड यांपैकी शाखेला लागणारी रूपांतरे, संख्याशास्त्र व संभाव्यता, आणि शाखेनुसार सदिश कलन किंवा संख्यात्मक पद्धती असा सर्वसाधारण आवाका असतो.

पहिल्या वर्षाचे दोन्ही पेपर पुन्हा पहिल्यापासून करण्याचा विचार अनेकजण करतात आणि तिसऱ्या प्रकरणात थकतात. वक्रांचे रेखन, त्रिमितीय भूमिती, बीटा-गॅमा फलने हे भाग पहिल्या सत्रात बाजूला ठेवले तरी चालते. आधी आंशिक भिन्न, म्हणजे पार्शल फ्रॅक्शन्स, आणि सम्मिश्र संख्या पक्क्या कराव्यात, कारण यांच्यावाचून अवकल समीकरणातील मुळे आणि लाप्लासचे व्यस्त रूपांतर दोन्ही अडतात. त्यानंतर समाकलनाच्या नेहमीच्या रीती, विशेषतः खंडशः समाकलन, पुन्हा हातात बसवावे. मग आंशिक अवकलन घ्यावे; एक चल बदलत असताना दुसरा स्थिर धरायचा एवढी एक कल्पना पचली की ते सोपे जाते, आणि सदिश कलनाचा निम्मा भार त्यावर उभा असतो. दुहेरी समाकलन त्यानंतर, आणि सारणीची आयगेन मूल्ये सर्वांत शेवटी. दररोज पाऊण तास बसल्यास हे सहा आठवड्यांत होते.

एक उदाहरण देतो म्हणजे अडचण कोठे असते ते लक्षात येईल. डी-वर्ग अधिक पाच डी अधिक सहा असा कारक असलेले समीकरण असेल तर सहायक समीकरणाची मुळे उणे २ आणि उणे ३ येतात. उजवीकडे ई चा एक्स घात असेल तर विशेष उत्तरासाठी डी च्या जागी १ ठेवायचा, छेदात १ अधिक ५ अधिक ६ म्हणजे १२ मिळतात आणि गणित संपते. इथपर्यंत डिप्लोमाचा विद्यार्थी वर्गातील कोणाहीइतकाच वेगाने जातो, कारण ही रीत सर्वांनाच नवी असते. पुढे उजवीकडे असे फलन येते की सूत्र चालत नाही आणि प्राचल-विचरणाची, म्हणजे व्हेरिएशन ऑफ पॅरामीटर्सची, पद्धत वापरावी लागते, तेव्हा समाकलन करावे लागते, आणि हात तेथे थांबतो. विद्यार्थ्याला वाटते की आपल्याला अवकल समीकरणे समजत नाहीत. खरे म्हणजे समीकरण समजलेले असते, फक्त समाकलनाचा सराव सुटलेला असतो. आपण नक्की कोणत्या पायरीवर थांबलो हे वहीच्या समासात लिहून ठेवण्याची सवय लावली तर दोन आठवड्यांत आपल्या उणिवांची अचूक यादी तयार होते, आणि शिक्षकांकडे जाताना ‘गणित जमत नाही’ असे मोघम सांगण्याऐवजी ती यादी दाखवता येते.

संख्याशास्त्र व संभाव्यता या प्रकरणाला पूर्वज्ञान फार लागत नाही. गुणांची खात्री हवी असेल तर ते सर्वांत आधी तयार करावे.

संगणक शाखेचे चित्र थोडे वेगळे आहे. तेथे डिप्लोमातून आलेला विद्यार्थी प्रोग्रामिंगमध्ये बहुधा पुढेच असतो आणि त्याची परीक्षा विविक्त गणितात, म्हणजे डिस्क्रीट मॅथेमॅटिक्समध्ये होते. गणित सिद्ध करून दाखवण्याची सवय नसणे हे त्याचे कारण आहे. या विषयाच्या सिद्धता पाठ न करता प्रत्येक पायरीपुढे ‘का’ असे लिहून त्याचे उत्तर स्वतः देण्याचा प्रयत्न करावा.

उत्तर लिहिण्याची पद्धत बदलावी लागते

याविषयी फारसे कोणी बोलत नाही, म्हणून जरा विस्ताराने सांगतो. तंत्रशिक्षण मंडळाच्या ७० गुणांच्या पेपरात पहिला प्रश्न दोन-दोन गुणांच्या उपप्रश्नांचा असतो, नंतरचे चार आणि सहा गुणांचे, आणि जवळपास सर्वत्र ‘कोणतेही तीन सोडवा’, ‘कोणतेही दोन सोडवा’ अशी मुभा असते. वेळ तीन तासांचा. मंडळ आदर्श उत्तरेही प्रसिद्ध करते, त्यामुळे चार गुणांना किती ओळी लिहायच्या हे तुमच्या बोटांत बसलेले असते.

विद्यापीठाच्या २०१९ च्या पॅटर्नमध्ये सत्रमध्य परीक्षा ३० गुणांची आणि एक तासाची होती आणि ती पहिल्या दोन एककांवर बेतलेली असे. सत्रांत परीक्षा ७० गुणांची, अडीच तासांची आणि उरलेल्या चार एककांवर. तेथे पहिला किंवा दुसरा, तिसरा किंवा चौथा असा पर्याय असून एकेक प्रश्न १७-१८ गुणांचा असे. याचा परिणाम नीट समजून घ्यावा. मंडळाच्या पेपरात एखादे प्रकरण वगळले तरी इकडून तिकडून उपप्रश्न निवडून गुण जुळवता येत. येथे पर्याय त्याच एककातला असल्याने एक एकक सोडले की १७-१८ गुण एकदम गेले. डिप्लोमात ‘चार प्रकरणे पक्की, दोन सोडून’ ही पद्धत ज्याला साधली आहे तोच विद्यार्थी येथे अधिक अडचणीत येतो. शिवाय सत्रमध्य परीक्षा ज्या दोन एककांवर होते नेमका त्यांतलाच बराच भाग तुमच्या गैरहजेरीत शिकवून झालेला असतो. म्हणून वर्गात दाखल झाल्यावर चालू एककाबरोबर मागचे एककही समांतर चालवावे लागते, आणि त्यासाठी प्रत्येक विषयाची एखादी नीटनेटकी वही पहिल्याच आठवड्यात मिळवावी. नव्या पॅटर्नमध्ये गुणांची विभागणी कशी आहे ते अभ्यासक्रमाच्या पहिल्या काही पानांतच दिलेले असते. ती पाने वगळून थेट विषयांकडे जाऊ नये.

उत्तराची लांबीही बदलते. आठ-नऊ गुणांच्या उपप्रश्नाला व्याख्या, आकृती, सूत्राची मांडणी, गृहीतके, मापनाच्या एककांसह आकडेमोड आणि शेवटी उत्तराचा अर्थ असे सर्व अपेक्षित असते. आकृतीत तुम्ही सरस असता, कारण डिप्लोमात ड्रॉइंगवर हात बसलेला असतो. कमी पडते ते सिद्धतेचे गद्य. दर रविवारी जुन्या पेपरातला एक पूर्ण प्रश्न घड्याळ लावून लिहावा आणि विषयाच्या शिक्षकांना दाखवावा. पहिल्या दोन-तीन वेळा संकोच वाटतो. तो संकोच मोडल्यावर शिक्षक तुम्हाला नावाने ओळखू लागतात, आणि उशिरा आलेल्या विद्यार्थ्यासाठी ही गोष्ट लहान नाही.

वर्गात मिसळणे

थेट प्रवेशाचे हजेरी क्रमांक यादीच्या शेवटी जोडले जातात, त्यामुळे प्रात्यक्षिकांसाठी तुकड्या पाडताना डिप्लोमावाले सगळे बहुधा एकाच शेवटच्या बॅचमध्ये येतात. तेथे बरे वाटते, ओळखीची भाषा असते, पण बारा-पंधरा जण मिळून एकाच चुकीच्या समजुतीत राहू शकतात. माझा आग्रह असा की निदान एका विषयाच्या प्रकल्पगटात किंवा अभ्यासगटात पहिल्या वर्षापासून येथेच असलेले दोघे-तिघे असावेत. त्यांना कोणते सर कशावर भर देतात, टर्मवर्कच्या सह्या कधी घ्यायच्या, ग्रंथालयातून कोणते पुस्तक लवकर संपते हे ठाऊक असते. बदल्यात तुम्ही त्यांना देऊ शकता असे पुष्कळ आहे: लेथवर जॉब लावणे, सर्किट बोर्डावरचा दोष शोधणे, ऑटो लेव्हल मांडून वाचने घेणे हे तुम्ही केलेले असते आणि त्यांनी अनेकदा फक्त चित्रात पाहिलेले असते. प्रात्यक्षिकाच्या वेळी पुढे होऊन हात घालावा. मदत करणाऱ्याला वर्ग लवकर आपला मानतो.

उशिरा प्रवेशामुळे सुरुवातीच्या तासांची हजेरी कशी धरली जाणार हे वर्गशिक्षकांकडून आधीच स्पष्ट करून घ्यावे आणि प्रवेशपत्राची प्रत त्यांच्याकडे द्यावी. राहिलेली प्रात्यक्षिके आणि जर्नल कोणत्या दिवशी पूर्ण करून देणार याची तारीखही स्वतःच सुचवावी.

राहणे आणि ये-जा

नाशिकची अभियांत्रिकी महाविद्यालये शहराच्या चारही टोकांना विखुरलेली आहेत. पंचवटीत अमृतधाम, गंगापूर रोड, आडगाव, इंदिरानगर-पाथर्डीची बाजू, नाशिकरोडपलीकडे एकलहरे, त्र्यंबक रस्त्याला महिरावणी आणि त्यापुढे अंजनेरी. त्यामुळे ‘नाशिकमध्ये खोली घेतली’ एवढ्याने भागत नाही. नाशिकरोड रेल्वे स्टेशन शहराच्या मध्यभागापासून सुमारे नऊ किलोमीटरवर आहे, आणि तेथे खोली घेऊन त्र्यंबक रस्त्याला रोज जाणारा विद्यार्थी दिवसाचे अडीच-तीन तास रस्त्यात घालवतो. पहिल्या सत्रात हे तास तुम्हाला गणितासाठी हवे आहेत. भाडे थोडे जास्त पडले तरी महाविद्यालयाजवळ राहावे.

उशिरा प्रवेश झाल्याने वसतिगृहाच्या जागा बहुधा भरलेल्या असतात. तरीही अर्ज द्यावा, कारण दिवाळीच्या सुमारास काही जागा रिकाम्या होतात. तोवर कॉट बेसिसवर खोली घ्यावी आणि अनामत रक्कम, वीजबिलाची वाटणी, खोली सोडण्यापूर्वी द्यायची सूचना या तीन गोष्टी लिहून घ्याव्यात. मेसचा महिना एकदम भरण्यापूर्वी चार दिवस जेवून पाहावे.

शहर बससेवा सिटीलिंक जुलै २०२१ पासून सुरू असून विद्यार्थ्यांना सवलतीचा पास मिळतो. त्यासाठी महाविद्यालयाचे ओळखपत्र किंवा बोनाफाईड लागते. निमाणी, शालिमार, सीबीएस (मध्यवर्ती बसस्थानक) आणि नाशिकरोड ही गाड्या बदलण्याची मुख्य ठिकाणे आहेत. पावसाळ्यात दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. त्र्यंबकच्या बाजूला शहरापेक्षा पाऊस जोराचा असतो, तेव्हा सीबीएसला ऊन पाहून रेनकोट घरी ठेवू नये. आणि गंगापूर धरणातून मोठा विसर्ग सुरू झाला की गोदाकाठचे रस्ते व खालचे पूल बंद होतात. ज्या मूर्तीवरून नाशिककर गोदेच्या पुराची पातळी मोजतात त्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेपर्यंत पाणी आल्याची बातमी आली की पंचवटीकडे जाणाऱ्याने वरच्या पुलाचा रस्ता धरून अर्धा तास आधी निघावे. २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सिंहस्थाच्या पर्वण्या आहेत, आणि त्या काळात शहरातील वाहतूक आणि खोल्यांची भाडी दोन्हींचा हिशेब वेगळा असेल. त्या वर्षी प्रवेश घेणाऱ्यांनी खोलीचे काम आधीच उरकावे.

खोलीत चारजण असतील तर अभ्यासिका शोधावी. महाविद्यालयाचे ग्रंथालय परीक्षेच्या काळात उशिरापर्यंत उघडे असते का ते विचारावे. पाठ्यपुस्तकांपलीकडे वाचायची आवड असेल तर १८४० साली सुरू झालेल्या सार्वजनिक वाचनालयाचे, म्हणजे सावानाचे, सभासदत्व घ्यावे.

कारखान्यांच्या शहरात शिकणे

नाशिकमध्ये शिकण्याचा एक लाभ तुम्हाला इतरांपेक्षा आधी घेता येतो. सातपूर आणि अंबड या औद्योगिक वसाहती शहराच्या अंगावरच आहेत. ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा विमान कारखाना आहे, एकलहऱ्याला औष्णिक वीज केंद्र आहे, आणि स्थापत्य शाखेसाठी दिंडोरी रस्त्यावर महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था, म्हणजे मेरी, आहे. डिप्लोमात तुम्ही औद्योगिक प्रशिक्षण केले असेल तर त्या कारखान्यातील पर्यवेक्षकांशी असलेला संबंध तुटू देऊ नका. दिवाळीनंतर एकदा जाऊन भेटावे, आपण पदवीला काय शिकतो आहोत ते सांगावे, आणि तेथे सध्या कोणती अडचण वारंवार येते ते विचारावे. जिगची झीज, वाया जाणारी संपीडित हवा, एखाद्या यंत्राचे वरचेवर थांबणे असे प्रश्न तिसऱ्या वर्षातील लघुप्रकल्पासाठी आणि पुढे इंटर्नशिपसाठी उत्तम असतात. उद्योजकांच्या निमा आणि आयमा या संघटनांची प्रदर्शने व कार्यक्रम होतात, तेथेही जाऊन यावे.

मात्र पहिल्या सत्रात अर्धवेळ नोकरी धरू नये असे माझे स्पष्ट मत आहे. घरची परिस्थिती तशीच असेल तर शनिवार-रविवारपुरते काम पाहावे. रात्रपाळी करून सकाळी एम-थ्रीच्या तासाला बसणारे मी पाहिले आहेत. त्यांच्या कष्टांविषयी मला आदर आहे, परंतु त्यांतील बहुतेकांचा तो पेपर राहिला.

पहिला निकाल हातात आल्यावर

एखादा विषय राहिला तर त्याच संध्याकाळी परीक्षा विभागाचा नियम समजून घ्यावा: पुढच्या वर्षाला जाण्यासाठी किती श्रेयांक लागतात, राहिलेला पेपर कधी देता येतो, त्याचा अर्ज कोणत्या तारखेपर्यंत भरायचा. मित्रांकडून ऐकलेला नियम बहुधा जुन्या पॅटर्नचा असतो. गुण अपेक्षेपेक्षा फार कमी असतील तर उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवावी. तिची मुदत निकालानंतर थोडेच दिवस असते आणि पुनर्मूल्यांकनाचा अर्ज त्यानंतर करता येतो. पुनर्मूल्यांकन करायचे नसले तरीही मी प्रत्येकाला निदान एका विषयाची छायाप्रत घ्यायला सांगतो. ती विषयाच्या शिक्षकांसमोर ठेवावी आणि प्रत्येक प्रश्नात गुण कोणत्या पायरीवर गेले ते लाल पेनाने नोंदवून घ्यावे. सिद्धता अर्धी सोडली होती, मापनाची एकके लिहिली नव्हती, की प्रश्नच चुकीचा निवडला होता, हे त्या पानांवर दिसते. ती पाने चौथ्या सत्राच्या वहीच्या पहिल्या कप्प्यात ठेवावीत आणि सत्रमध्य परीक्षेच्या आदल्या रात्री एकदा उलटून पाहावीत.